तांब्याच्या नळीस वळण देताना

अंबड,
वैशाख वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. उस्तादांनी तुझ्या हाती प्रथमच बेंडर दिला आणि तीन सूत तांब्याच्या नळीचे काही तुकडे वळणावर चेपून भंगारात टाकावे लागले, ही हकिकत वाचून मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते पत्राच्या अखेरीस तू जे लिहिलेस त्याचे, की सराव होत गेला म्हणजे हे आपोआप जमेल. सरावाने हात बसतो हे खरे, परंतु तो सदोष रीतीवरही तितक्याच पक्केपणाने बसतो, आणि मग ती रीत सुटता सुटत नाही. म्हणून नळी वाकताना तिच्या अंगात काय घडते ते तू आधी समजून घ्यावेस, आणि बेंडर उचलण्यापूर्वी मोजमापाचा हिशेब कागदावर पुरा करावास, एवढ्यासाठीच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांचे जे कारखाने आहेत, तेथे सळईची परीक्षा घेताना ती ठरावीक व्यासाच्या दांड्याभोवती वाकवून पाहतात, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगावर चीर दिसली नाही म्हणजे ती कसास उतरली असे मानतात. तेथे धातू भरीव असल्यामुळे बाहेरचे अंग ताण सोसते की नाही, एवढाच प्रश्न असतो. नळीच्या पोटात मात्र पोकळी आहे, आणि सारी अडचण त्या पोकळीची आहे. वाकताना बाहेरची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि आतली भिंत दाबली जाऊन जाड होते. ताणलेली भिंत आत येऊ पाहते, दाबलेली भिंत बाहेर सरकू पाहते, आणि दोघींना अडवणारे मध्ये काहीच नसल्यामुळे गोल नळी प्रथम लंबवर्तुळाकार होते व त्यानंतर एखाद्या ठिकाणी एकाएकी मोडून बसते. लहानपणी परसातल्या पपईचा पोकळ देठ तू वाकवला असशील. तो काही अंतरापर्यंत मुकाट्याने वळतो आणि मग क्षणात एकाच जागी दुमडतो, व एकदा दुमडला की पुढचे सारे वाकणे त्याच जागी गोळा होते. तुझ्या तुकड्यांचे झाले ते नेमके हेच.

आता आकडे मांडून पाहा. तीन सूत नळीचा बाहेरचा व्यास साडेनऊ मिलिमीटर आहे, आणि तिच्यासाठी असलेल्या लिव्हर बेंडरच्या चाकीवर मध्यरेषेची त्रिज्या सामान्यतः १५/१६ इंच, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर असते. मध्यरेषेची लांबी कायम राहते असे धरले, तर तिच्यापासून पावणेपाच मिलिमीटर दूर असलेल्या बाहेरच्या भिंतीस शेकडा वीस इतके लांबावे लागते. नीट भाजून मऊ केलेले तांबे तुटण्यापूर्वी शेकडा चाळीसच्या आसपास ताणले जाऊ शकते, म्हणून ते हा ताण सहज सोसते. कडक ओढलेल्या सरळ नळीत ही शक्ती फारच थोडी असल्यामुळे ती एक तर मोडते किंवा फाटते. परंतु मऊ तांब्यालाही एक मर्यादा आहे, आणि ह्या पत्रातील माझे मुख्य सांगणे तिच्याविषयीच आहे: तांबे प्रत्येक वाकण्यासरशी कठीण होत जाते. तांबट भांडे ठोकताना ते मधूनमधून भट्टीत का घालतो? ठोकून ठोकून ताठरलेला धातू पुन्हा मऊ झाल्यावाचून पुढचा घाव मानत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तू चुकलेले वळण सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवायला जातोस, तेव्हा भाजल्यावाचून त्या तांबटाचा तिसरा-चौथा घाव घालत असतोस. नळीने तुला एक वळण द्यायचे कबूल केलेले आहे. दुसरे कबूल केलेले नाही.

यावर तू विचारशील की मग चुकलेली जागा तापवून मऊ का करू नये. करता येते. तांबे मंद लाल होईतो तापवले की ते मऊ होते, आणि पोलादाप्रमाणे ते पाण्यात बुडवल्याने कठीण होत नाही, हा त्याचा मोठाच गुण. परंतु उघड्या हवेत तापवलेल्या नळीच्या आतल्या अंगावर काळी खपली धरते, ती खपली पुढे थंडाईच्या यंत्रात गॅसबरोबर सुटून कॅपिलरीच्या तोंडाशी किंवा फिल्टरमध्ये जाऊन बसते, आणि दोष मग कोठल्या कोठे दिसतो. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजन सोडत ठेवण्याचा जो दंडक उस्ताद पाळतात तो याचकरिता. त्याचप्रमाणे, जुने कारागीर नळीत कोरडी वाळू किंवा वितळलेली राळ भरून ती वाकवीत, आणि पितळी वाद्यांच्या नळ्यांना ती पद्धत शोभतेही. परंतु आपल्या कामात वाळूचा एक कण मागे राहिला तरी तो कॉम्प्रेसरच्या अंगात शिरतो. कोणी कितीही आग्रह केला तरी थंडाईच्या यंत्राच्या नळीत वाळू घालू नकोस.

बेंडर म्हणजे त्या पोकळीस बाहेरून दिलेला आधार होय. चाकीच्या कडेस जी अर्धगोल खाच कोरलेली आहे तिचे काम नळीला वाट दाखवण्याचे नव्हे, तर चपटी होऊन बाजूंना पसरू पाहणाऱ्या नळीच्या दोन्ही कुशी दाबून धरण्याचे आहे. यावरून खाचेचे माप नळीच्या मापाशी तंतोतंत जुळले पाहिजे हे उघड आहे. तीन सूत नळी अर्ध्या इंची खाचेत घातलीस तर तिच्या कुशींना आधारच राहत नाही, आणि दहा मिलिमीटरची नळी तीन सुताच्या खाचेत दाबून बसवलीस तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने तिच्या अंगावर ओरखडे पडतात. दुकानात इंची आणि मिलिमीटरी माल एकाच फळीवर पडलेला असतो. नळी हाती घेताच तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून खातरजमा करून घे.

गुंडाळीतून नळी काढण्याची रीतही येथेच सांगून ठेवतो, कारण निम्मी खराबी बेंडरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेली असते. गुंडाळी आडवी ठेवून टोक ओढू नये. ती जमिनीवर उभी धरावी, मोकळे टोक हाताने दाबावे आणि गुंडाळीच पुढे लोळवीत न्यावी, म्हणजे नळी पीळ न पडता सरळ उलगडते. कापल्यावर दोन्हीकडच्या तोंडांना टोप्या लावाव्यात. धूळ आत जाऊ नये, आणि दमट हवा एकदा आत गेली म्हणजे ती बाहेर काढण्यास व्हॅक्यूम पंपाचे तासन्‌तास खर्ची पडतात.

मोजमापाचा भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि सर्वांत मोलाचा आहे. समज, तुला काटकोनाचे एक वळण हवे आहे, त्याची एक बाजू २०० आणि दुसरी १५० मिलिमीटर, दोन्ही मापे मध्यरेषांच्या छेदबिंदूपर्यंतची. नवशिका ३५० मिलिमीटरचा तुकडा कापतो. परंतु नळी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरत नाही. ती कोपरा टाळून कमानीने जाते. कोपऱ्याच्या वाटेने दोन त्रिज्या, म्हणजे ४८ मिलिमीटर लागले असते. पाव वर्तुळाची कमान भरते जेमतेम ३८. दहा मिलिमीटर वाचले, म्हणून तुकडा ३४० चा हवा. हे दहा मिलिमीटर एका वळणात फारसे जाणवत नाहीत, परंतु जेथे एका नळीस चार वळणे आहेत तेथे शेवटचे टोक व्हॉल्व्हच्या पुढे चार सेंटिमीटर निघून जाते, आणि मग मिस्त्री ते बसवण्यासाठी नळी हाताने ओढूनताणून आणतो व ब्रेझ केलेल्या सांध्यावर कायमचा ताण ठेवतो. बेंडरच्या सरकत्या जबड्यावर एल आणि आर अशी जी दोन अक्षरे कोरलेली आहेत ती ह्याच हिशेबासाठी आहेत: ज्या टोकापासून माप घेतलेस ते टोक डावीकडे असेल तर नळीवरची खूण एलशी लाव, उजवीकडे असेल तर आरशी. कारखान्याने त्रिज्येची वजाबाकी तेथे तुझ्यासाठी करूनच ठेवलेली आहे. खूण मात्र पातळ मार्करने करावी. खिळ्याने किंवा करवतीच्या टोकाने तांब्यावर ओरखडा काढलास तर नेमकी ताणाच्या जागी चीर जन्मास येते.

फ्लेअर करावयाचा असेल तर नट आधी नळीत ओवून ठेव आणि वळणापासून टोकापर्यंत पुरेशी सरळ लांबी राख. एवढे झाले म्हणजे नळी खाचेत बसव, नळी धरून ठेवणारा आकडा लाव, जबड्यावरचे शून्य चाकीवरच्या शून्याशी जुळव, आणि मगच दांडा ओढ. ओढताना थांबू नये, झटका देऊ नये, एकाच संथ गतीने हव्या त्या अंशापर्यंत यावे. मऊ तांबे दोन-तीन अंश परत उघडते, म्हणून नव्वदासाठी त्र्याण्णवापर्यंत जावे. परंतु नव्या गुंडाळीचा एक तुकडा आधी वाकवून तिचे परत येणे मोजून पाहावे, कारण प्रत्येक गुंडाळीचा मऊपणा सारखा नसतो. स्प्रिंगच्या बेंडरने इतके आखूड वळण घेण्याच्या भरीस पडू नकोस. त्याने नळीच्या व्यासाच्या निदान पाचपट त्रिज्या ठेवावी, वळण जरासे अधिक घेऊन किंचित मागे आणावे म्हणजे स्प्रिंग सैल होते, आणि ती ओढून न काढता पिळून काढावी.

इतक्या बारकाव्याचे प्रयोजन काय, असे तुला वाटू नये म्हणून जालन्याचीच गोष्ट सांगतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी तेथे उभी केली, पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागोमाग इतर कंपन्या येऊन जालना बियाण्यांची पेठ म्हणून देशभर नावाजली. आता बियाणे हा सजीव जिन्नस आहे. बीजशास्त्रात हॅरिंग्टनचा एक प्रसिद्ध ठोकताळा आहे, की बियांतील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की बियांचे आयुष्य दुप्पट होते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा बेचाळीसच्या घरात जातो, आणि पेरणी मृगाची. ह्या मधल्या काळात बियाण्याची उगवणशक्ती राखण्याचा भार गोदामातल्या थंडाईच्या यंत्रावर असतो. अशाच एका शीतगृहात खोली थंड होईना म्हणून मला बोलावले होते. गॅस पुरा होता, पंखे चालू होते, कॉम्प्रेसर उरस्फोड करीत होता. शेवटी यंत्रामागे हात घालून चाचपडत गेलो तेव्हा द्रव वाहून नेणाऱ्या नळीच्या एका वळणापुढे बर्फाचा थर हाताला लागला. वळण मोडलेले होते, त्यामुळे गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पोहोचण्यापूर्वी तेथेच फुगून थंड होत होता आणि खोलीच्या वाट्यास थोडासाच येत होता. ज्याने ती नळी वाकवली त्याने ते चेपलेपण पाहिले नसेल असे मला वाटत नाही. पाहिले, आणि यंत्रामागे कोण बघतो म्हणून तसेच बसवले. घनसावंगी-मंठ्याकडचा कोरडवाहू शेतकरी उसनवारी करून पिशवी विकत नेतो, एका पावसाच्या भरवशावर पेरतो आणि पंधरा दिवस ओळींतून उगवण शोधत हिंडतो. त्याच्या पदरात जे पडते त्यात त्या नळीचाही हिस्सा आहे, हे मी मनापासून मानतो, आणि तूही मानावेस अशी माझी इच्छा आहे. चेपलेले वळण हाती आले तर ते उस्तादांना दाखवून बाजूस टाक. तांब्याचा भाव कितीही चढलेला असला तरी ते बसवू नकोस.

येत्या आठवड्यात एक काम कर. तीन सूत मऊ नळीचे एक काटकोनी वळण वर सांगितलेल्या रीतीने घे, वळणाच्या ऐन मध्यावर व्हर्नियरने दोन व्यास मोज, एक वळणाच्या पातळीत आणि एक तिला काटकोनात, व त्यांतील फरक लिहून ठेव. मग बारीक दातांच्या करवतीने ते वळण लांबीच्या दिशेने उभे चिरून बाहेरच्या आणि आतल्या भिंतीची जाडी मायक्रोमीटरने मोज. भंगारातला तुझा एखादा चेपलेला तुकडाही तसाच मोजून चिर. चारही जाड्या आणि दोन्ही तुकड्यांचे व्यास मला पत्राने कळव. पुढचे पत्र मी त्या आकड्यांवरून लिहीन.

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार, वहिनींस नमस्कार. उन्हाचे जपून असावे.

तुझा,
काका