फ्री किक आणि वेळकाढूपणा

नियमभंगामुळे ज्या संघाचे नुकसान झाले, त्याला फुटबॉलमध्ये फ्री किकच्या रूपाने न्याय मिळतो. परंतु या न्यायाला विलंब झाला की त्याचे मोल उतरते. प्रतिपक्षाची बचावफळी विस्कळीत असतानाच चेंडू खेळता आला, तर फ्री किकचा पुरेपूर लाभ होतो. अपराधी संघाला सावरण्यास अवधी मिळाला, तर तो त्याला अपराधाबद्दल मिळालेले बक्षीसच ठरतो. म्हणूनच कोणी खेळाडू चेंडूसमोर उभा राहतो, कोणी चेंडू उचलून नेतो, तर कोणी तो पायाने हळूच दूर ढकलतो.

चेंडू खेळला जाईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांनी त्यापासून किमान 9.15 मीटर, म्हणजे 10 यार्ड, दूर राहावे असा नियम आहे. हे अंतर न पाळणाऱ्याला, तसेच खेळ पुन्हा सुरू होण्यास विलंब लावणाऱ्याला पंच पिवळे कार्ड दाखवितात. मात्र येथे तारतम्य आवश्यक असते. फ्री किक घेणाऱ्याने स्वतःहून घाई केली आणि जवळच्या प्रतिस्पर्ध्याने चेंडू अडविला, तर पंच खेळ चालू ठेवू शकतात. परंतु जो मुद्दाम फ्री किक घेऊच देत नाही, त्याला ताकीद मिळालीच पाहिजे. अंतर मोजून देण्यासाठी पंचांनी खेळ थांबविला असेल, तर शिट्टी होईपर्यंत चेंडू खेळता येत नाही.

शिक्षेखेरीज इतर उपायही योजण्यात आले. रग्बीच्या धर्तीवर फ्री किकची जागा 10 यार्ड पुढे नेण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. पण 2005 मध्ये तो सोडून देण्यात आला. जागा गोलच्या फार जवळ आली, तर चेंडू भिंतीवरून उचलून गोलमध्ये उतरविणे उलट कठीण होते. 2014 च्या ब्राझीलमधील विश्वचषकात पंचांनी मैदानावर विरून जाणाऱ्या फेसाने भिंतीची रेषा आखली. ही युक्ती अधिक उपयुक्त ठरली.

या संदर्भात 1974 च्या पश्चिम जर्मनीतील विश्वचषकाचा प्रसंग बोलका आहे. झाईर विरुद्ध ब्राझील या सामन्यात ब्राझीलला फ्री किक मिळाली होती. तोच झाईरचा म्वेपू इलुंगा भिंतीतून धावत आला आणि त्याने चेंडू दूर भिरकावला. रुमानियन पंच निकोलाए रायनिया यांनी त्याला पिवळे कार्ड दाखविले. आफ्रिकी खेळाडूंना नियम ठाऊक नाहीत, असे म्हणून प्रेक्षक व समालोचक अनेक वर्षे हसत राहिले. पुढे इलुंगाने मुलाखतींत सांगितले, की नियम त्याला पूर्णपणे माहीत होता. खेळाडूंचे पैसे बुडविणाऱ्या आपल्या देशातील सत्ताधाऱ्यांचा त्याने निषेध केला होता.

पंचांचे कार्ड योग्यच होते. पंचांना कृती दिसते, तिच्यामागचे मन दिसत नाही. नियमही त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा करतो. इलुंगाला हसणाऱ्यांनी मात्र जे दिसत नव्हते, त्याचाही निवाडा करून टाकला होता.