काडतुसालाही ऊन लागतं

शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपवले आणि ते योग्यच झालं. कर्नाळा अभयारण्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको. आता इथे रायफल म्हणजे नेमबाजी. सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ क्लबमुळे इथल्या पोरांना एअर रायफलची गोडी लागली. पण स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं, त्या ५० मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलसाठी मी घाट चढून बालेवाडीला जातो. कोकणातला उकाडा आणि पुण्याचा गारठा यांच्यात ये-जा करण्यानं शिकवलेलं लिहितो.

१. हवेपेक्षा काडतुसाचं तापमान बघा. दारू गरम असली की भरभर जळते, नळीतला दाब चढतो, गोळीचा वेग वाढतो आणि ती वर लागते. गार दारूचं नेमकं उलट. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काडतुसांचा डबा कधीही ठेवू नका.

जुन्या शिकाऱ्यांना हे जिवावर बेतून कळत असे. त्यांच्या काडतुसातलं कॉर्डाइट उष्णतेनं फार भडकायचं. दाब वाढला की रिकामं काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसायचं, ओढून निघायचं नाही, आणि समोर जखमी वाघ. म्हणून इंग्रज बंदूकवाले हिंदुस्थानसाठी दारू थोडी कमी भरून काडतुसं देत.

२. फरक किती पडतो? पॉइंट टू-टूची मॅचची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं सुटते. वेग १० मीटरनं उतरला, तर ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली बसते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि गोळीची कड त्याला शिवली तरी दहा धरतात. म्हणजे अगदी मधोमध धरलेल्या नेमालाही दहा कसाबसा मिळतो. हात किंचित हलला की नऊ.

३. तापलेल्या नळीत काडतूस भरून वाऱ्याची वाट बघत बसू नका. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. पाठोपाठ गोळ्या झाडल्यावर चेंबर गरम होतं आणि आत थांबलेलं काडतूस ती उष्णता घेत राहतं. पुढची गोळी विनाकारण वर गेली की पोरं लगेच साइटचे क्लिक फिरवतात. आधी वारा बघा, मग भरा.

४. थंडीत गोळीवरचं मेणही कडक होतं. बर्फातल्या बायथलॉनसाठी लापुआ कंपनी ‘पोलर बायथलॉन’ नावाची वेगळी काडतुसंच बनवते.

५. दमट हवा जड असते, हा समज सोडा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पनवेलच्या पावसाळ्यात खरा त्रास दवाचा. एसी गाडीतून काढलेला डबा लगेच उघडला की थंड काडतुसांवर पाणी धरतं. झाकण लावूनच तो बाहेरच्या हवेला येऊ द्या.

६. एअर रायफलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशाला २१३ च्या आसपास जातो. तोही सावलीतच ठेवा.

७. काडतुसांचा लॉट, क्लिक आणि वारा आपण वहीत लिहितोच. त्याच ओळीत वेळ आणि तापमानाचा रकाना पुढच्या सरावापासून आखून घ्या.