काचपेटींतील दुखणाइत मासा : उपचार कोठवर व सुटका केव्हां

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं ओटीवर माशांची काचेची पेटी दिसूं लागली आहे. मुलांच्या हौसेखातर चार-दोन सोनेरी मासे आणले जातात, आणि पुढें एखादा मासा दुखण्यानें आडवा पडला म्हणजे घरांतील कोणासच काय करावें तें सुचत नाहीं. गोठ्यांतील गाय चरेनाशी झाली तर आपण त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलावितों. माशाच्या बाबतींत मात्र "मासाच तो" असें म्हणून तोंड फिरवितों. असें तोंड आम्हींही एकदां फिरविलें होतें. त्याचा धडा इतरांच्या उपयोगीं पडावा एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

दोन वर्षांमागें आमच्या नातीच्या माशाचें पोट फुगलें व अंगावरील खवले अननसाच्या सालीप्रमाणें उभे राहिले. आज उतार पडेल, उद्यां पडेल, असें म्हणत आम्हीं नऊ दिवस घालविले. मासा तळाशीं पडून नुसते कल्ले हालवीत होता. दहाव्या दिवशीं पाहवेना, तेव्हां तांब्यांत घालून त्यास पाटाच्या पाण्यांत सोडून आलों. सायंकाळीं नातीनें विचारलें, "आजोबा, तो तिथें बरा झाला असेल ना?" आम्हीं "हो" म्हटलें. तें उत्तर खोटें होतें, आणि आमचें कृत्यही दयेचें नव्हतें. आपल्या डोळ्यांआड व्हावा एवढाच त्यांतील हेतु होता.

माशास वेदना होतात काय, हा पहिला प्रश्न. स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेंत लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं ट्राउट जातीच्या माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव घेणारे मज्जातंतु त्यांस आढळले. ओठांत आम्ल टोंचलेल्या माशांनीं कांहीं तास अन्न घेतलें नाहीं, त्यांचा श्वास जलद झाला, व कांहींनीं आपले ओठ तळाच्या खड्यांवर घासले. वेदनाशामक मॉर्फिन दिल्यावर हीं लक्षणें कमी झालीं. या जाणिवेस माणसाच्या वेदनेसारखी म्हणावें कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु संशयाचा फायदा मुक्या जीवाच्या पदरांत घालावा, असें आम्हांस वाटतें. आपल्या देशांतील १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यांतही 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. मासा तींतून वगळलेला नाहीं.

आमची उभी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. जागेवर जाऊन पाहिल्यावांचून पंचनामा लिहूं नये, आणि पंचनाम्यावांचून हुकूम सोडूं नये, एवढें त्या खात्यानें शिकविलें. येथेंही तोच क्रम धरावा. माशाचे दिवस भरले असें ठरविण्यापूर्वीं पाण्याचा पंचनामा करावा. पेटींतील पुष्कळशीं दुखणीं मुळांत पाण्याचीं असतात. फार दाणे घातल्यानें व मलमूत्र सांचल्यानें पाण्यांत अमोनिया वाढतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण कल्ले जाळतो. मासे विकणाऱ्या दुकानांत अमोनिया तपासण्याचें औषध मिळतें. अमोनिया आढळल्यास पाव हिस्सा पाणी रोज बदलावें. नळाचें पाणी असल्यास तें उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मगच घालावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन उडून जातो. आजारी मासा निराळ्या भांड्यांत ठेवून दर लिटरास एक ते तीन ग्रॅम साधें मीठ घातल्यास सोनेरी माशास पुष्कळदां आराम पडतो.

मासा उलटा किंवा आडवा तरंगूं लागला म्हणजे तो मरणारच, असेंही समजूं नये. अति खाण्यानें पोट तुंबून त्याचा तोल जातो. अशा वेळीं दोन-तीन दिवस उपास घडवावा, व नंतर उकडून सोललेल्या वाटाण्याचा बारीक तुकडा द्यावा. घाईनें दिलेला हुकूम मागें घेतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आशा सुटल्याचीं लक्षणें. सर्वांगावरील खवले उभे राहून पोट फुगलें असेल, तर मूत्रपिंडें निकामी झालेलीं असतात, व अशा अवस्थेंतून मासा क्वचितच वांचतो. व्रण मांसापर्यंत खोल गेला असेल, किंवा गांठ वाढून तोंड वा कल्ले अडले असतील, तर तेंही गंभीरच. यांच्या जोडीस, पाणी सुधारून व उपचार करूनही मासा कांहीं दिवस अन्नास तोंड लावीत नाहीं, हात जवळ नेला तरी हालत नाहीं, तळाशीं पडून धापा टाकतो, असें लागोपाठ तीन दिवस दिसल्यास निकाल ठरला असें समजावें. जवळपास माशांची माहिती असलेला पशुवैद्य असेल तर त्याचें मत अवश्य घ्यावें. यापुढें दिवस ढकलणें म्हणजे माशाच्या जिवावर आपल्या मनाची सोय पाहणें होय.

सुटका कशी करूं नये, हें आधीं सांगतों. पाण्याबाहेर ठेवून तडफडूं देणें, शौचकूपांत ओतणें, उकळतें पाणी घालणें, आणि बर्फाच्या कपाटांत ठेवून हळूहळू गोठविणें, हे सर्व प्रकार क्रूर आहेत. सोनेरी मासा थंड पाण्यांत राहणारा असल्यामुळें गारठ्यानें त्याचा जीव लवकर जात नाहीं. पाटांत, विहिरींत किंवा शेततळ्यांत सोडणें हें तर दुहेरी पाप. माशाचे हाल संपत नाहींत, आणि त्याचा रोग तेथील माशांस लागण्याचें भय राहतें. निरोगी मासाही असा सोडूं नये. पेटींतील शेवाळ खाण्यासाठीं आणला जाणारा परदेशी साकर मासा आज उजनीच्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, हें उदाहरण पुरेसें आहे.

दाढ दुखतांना आपण जें लवंगेचें तेल लावतों, तेंच येथें उपयोगीं पडतें. त्यांतील युजेनॉल या द्रव्यानें माशास गुंगी येते, व मात्रा वाढविल्यास झोपेंतच श्वास थांबतो. अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनांतही या द्रव्याचा उल्लेख आहे. रीत अशी : पेटींतीलच पाणी भांड्यांत मापून घ्यावें व त्यांत मासा अलगद सोडावा. तेल पाण्यांत सहज मिसळत नाहीं, म्हणून लहान बाटलींत थोडें कोमट पाणी घेऊन त्यांत तेल टाकावें व पांढरें दुधासारखें होईपर्यंत हालवावें. भांड्यांतील दर लिटर पाण्यास प्रथम दोन थेंब तेल या प्रमाणानें हें मिश्रण सावकाश ओतावें. दहाएक मिनिटांत मासा कलतो व स्पर्श केला तरी हालत नाहीं. तशी खात्री झाल्यावरच आणखी आठ थेंब दर लिटरास, याच रीतीनें घालावे. कल्ल्यांची हालचाल थांबली तरी लगेच बाहेर काढूं नये. हृदय कांहीं वेळ चालूं असतें, व स्वच्छ पाणी मिळाल्यास मासा पुन्हां शुद्धीवर येऊं शकतो. म्हणून त्यानंतर पुरता एक तास त्याच पाण्यांत राहूं द्यावा. मग झाडाच्या बुंध्याशीं खोल पुरावा. मांजरास किंवा कोंबड्यांस घालूं नये, आणि तें पाणी विहिरीजवळ ओतूं नये.

"पण ही जीवहत्याच नव्हे काय?" असें आमच्या घरांतूनच विचारण्यांत आलें. प्रश्न खरा आहे, आणि तो ज्यास बोंचत नाहीं त्यानें हें काम हातीं घेऊं नये. आमचें उत्तर इतकेंच, कीं ज्यास आपण काचेंत कोंडलें, त्यास स्वतःहून कोठें जाण्याची मोकळीक आपणच ठेविली नाहीं. तेव्हां त्याच्या दाण्याप्रमाणें त्याच्या अखेरीचा भारही आपल्यावरच येतो.

गेल्या वर्षीं नातीचा दुसरा मासा त्याच दुखण्यानें पडला. पाणी तपासलें, मिठाचा उपचार केला, तीन दिवस पाहिलें, आणि चौथ्या दिवशीं वरील रीतीनें त्याची सुटका केली. नातीस आधीं सर्व समजावून सांगितलें होतें. ती भांड्याजवळ बसून राहिली. शेवटीं तिनें विचारलें, "आजोबा, आतां त्याला दुखत नाहीं ना?" या खेपेस आम्हीं "नाहीं" म्हटलें, आणि तें तिच्या डोळ्यांस डोळा देऊन म्हणतां आलें.