घटक ५ : उत्क्रांती शिकवण्याचा वाद आणि युक्तिवादाची भाषा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला शालेय पाठ्यपुस्तकातील उत्क्रांतीविषयीच्या वादाची पार्श्वभूमी सांगता येईल, आणि अशा वादात शब्दांची निवड युक्तिवादाला कशी वळण देते हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात डार्विनचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जीवशास्त्र शिकवणे हा या घटकाचा हेतू नाही. वैचारिक गद्याचा अभ्यास करताना आपण विधान, पुरावा आणि निष्कर्ष यांचे नाते तपासत आलो आहोत. ते नाते सार्वजनिक वादात कसे ताणले जाते, हे पाहण्यासाठी हा विषय निवडला आहे. त्यात तुमचा प्रत्यक्ष संबंधही आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून येणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचे औपचारिक विज्ञानशिक्षण दहावीलाच संपले असेल, आणि वाद नेमका दहावीच्या पुस्तकाविषयीच आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वादाचा वृत्तांत

अमेरिकेत हा वाद न्यायालयात लढला गेला. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन या गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला आणि त्याला शंभर डॉलर दंड ठोठावण्यात आला. पुढे तो निर्णय तांत्रिक कारणाने रद्द झाला. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, उत्क्रांतीच्या जोडीला ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवावे असा लुइझियाना राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला. दोन पक्ष, दोन पाठ आणि मध्ये न्यायाधीश, असे त्या वादाचे रूप होते.

आपल्याकडे तसे झाले नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असे मत मांडले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिले वा सांगितले नाही, हा त्यांचा मुख्य आधार होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून याचा प्रतिवाद केला. त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास त्यांना सांगितले. प्रकरण तेवढ्यावर थांबले.

खरा बदल गाजावाजा न होता झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) करोनाकाळातील अभ्यासाचा भार हलका करण्याचे कारण देऊन पाठ्यपुस्तकांतील मजकूर कमी केला. दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि ‘आनुवंशिकता’ एवढेच शीर्षक उरले. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुल्या पत्राद्वारे तो भाग परत घेण्याची मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहे, असे उत्तर देण्यात आले. उत्तर खरे आहे. परंतु बारावीचे जीवशास्त्र किती जण घेतात? वाणिज्य, कला वा आयटीआयकडे वळणारा विद्यार्थी त्या पानापर्यंत पोहोचतच नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवा. एनसीईआरटीची पुस्तके प्रामुख्याने सीबीएसईच्या शाळांत चालतात. राज्य मंडळाच्या शाळांसाठी बालभारतीने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ या पुस्तकात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. म्हणजे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एक डार्विन आणि लामार्क वाचून दहावी होतो, तर शेजारचा त्यांच्याविना. भार कमी करण्याचे कारण प्रामाणिक मानले, तरी कोणता भार कमी केला हा प्रश्न उरतोच.

५.२.२ शब्दांचा भार

आता भाषेकडे वळू. ‘उत्क्रांती’ हा शब्द उत् + क्रम् या घटकांपासून आला आहे. वर पाऊल टाकणे, चढून जाणे हा त्याचा मूळ भाव. (संस्कृत तत्त्वज्ञानात जीवाने देह सोडून जाणे यालाही उत्क्रांती म्हणतात. शब्दांचेही पुनर्जन्म असतात ते असे!) मराठी राजकीय लेखनात ‘क्रांती’च्या विरुद्ध ‘उत्क्रांती’ म्हणजे सावकाश होणारी सुधारणा, अशीही जोडी रूढ झाली. परिणामी हा शब्द ऐकताच शिडी डोळ्यांसमोर येते : खाली जंतू, वर माणूस. जीवशास्त्राला शिडी अभिप्रेत नाही. फांद्या फुटत जाणारे झाड अभिप्रेत आहे. आजचे झुरळ हे अपुरे राहिलेले काहीतरी नव्हे, ते त्याच्या परिस्थितीला पुरेपूर जुळलेले आहे. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, हे सांगणारा स्वतंत्र भाग एनसीईआरटीच्या त्या प्रकरणात होता. वगळलेल्या मजकुरात तोही गेला.

‘वाद’ हा प्रत्ययही पाहा. साम्यवाद, गांधीवाद, उत्क्रांतिवाद अशी रांग लावली की उत्क्रांती ही एक मतप्रणाली वाटू लागते, आणि मग ‘आमचा त्यावर विश्वास नाही’ हे वाक्य सहज तोंडी येते. ‘गुरुत्वाकर्षणवाद’ असे मात्र कोणी म्हणत नाही. याउलट ‘सिद्धांत’ हा शब्द बळकट आहे : तपासाच्या अंती जे सिद्ध झाले ते. इंग्रजी वादात ‘तो केवळ सिद्धांत आहे’ हे वाक्य चालून जाते, कारण त्या भाषेतील रोजच्या बोलण्यात त्यामागच्या शब्दाला ‘अंदाज’ असाही अर्थ आहे. तेच वाक्य मराठीत जसेच्या तसे आणले की ‘केवळ सिद्ध झालेली गोष्ट आहे’ असा विनोदी अर्थ होतो. तरीही ते मराठी लेखांत वारंवार आढळते. उसना युक्तिवाद ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

५.२.३ ‘कोणी पाहिले?’

माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले, या प्रश्नाला उत्तर देण्यास भाषेचा विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक सज्ज असायला हवा. प्राकृताची मराठी होताना कोणी पाहिली? एखाद्या घरात आई प्राकृत बोलत होती आणि मुलाने मराठीत उत्तर दिले, असे कधीच घडले नाही. प्रत्येक पिढीला आपण आईवडिलांचीच भाषा बोलतो असे वाटत होते. तरीही मराठी झाली.

उल्हासनगरचे उदाहरण घ्या. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या या शहरात, १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाल्यापासून, मराठी आणि सिंधी शेजारी नांदत आहेत. मराठीत हात, कान, काम. सिंधीत हथु, कनु, कमु. प्राकृतातील रूपे हत्थ, कण्ण, कम्म अशी आहेत. जोडाक्षर सुटे होताना मराठीने आधीचा स्वर दीर्घ केला आणि शेवटचा स्वर टाकला; सिंधीने स्वर ऱ्हस्वच ठेवला आणि शेवटी आखूड ‘उ’ जपला. हा फरक एकदोन शब्दांपुरता नाही, तो नियमाने येतो. अशा नियमित फरकांवरूनच दोन भाषांचा पूर्वज एक होता असे आपण म्हणतो. ‘मराठी सिंधीपासून झाली’ असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. ‘माणूस आजच्या माकडापासून झाला’ हे विधान त्याच जातीचे आहे, आणि ते डार्विनचे नाही. माणूस आणि वानर यांचा पूर्वज समान होता, एवढेच जीवशास्त्र सांगते.

ही तुलना नवी नाही. १८५९ च्या ग्रंथात सजीवांचे वर्गीकरण वंशक्रमाने का करावे हे समजावताना डार्विनने भाषांच्या वंशावळीचाच दाखला दिला होता. तिला मर्यादा मात्र आहे : मराठीने कन्नडमधून, फारसीतून शब्द उसने घेतले, तसे हत्ती घोड्याकडून सोंड उसनी घेत नाही.

न पाहिलेल्या भूतकाळाचे साक्षीदार दोन्ही शास्त्रांत दगडच असतात. शके ९८२ च्या (इ.स. १०६०) शिलालेखामुळे अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळ कळतो. ज्या काळ्या बेसाल्टमध्ये ते कोरले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. पण दोन थरांमधील गाळात टिकतात. मुंबईतील वरळीच्या टेकडीत अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या बारा वर्षे आधी, त्यांचे वर्णन केले.

५.२.४ दशावतार आणि ‘म्हणजेच’

मराठी समाजात उत्क्रांतीला उघड विरोध कमीच आढळतो. अधिक आढळतो तो आपलेपणाचा दावा : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, म्हणजेच पूर्वजांना उत्क्रांती ठाऊक होती. या वाक्यातील सारा भार ‘म्हणजेच’ या एका शब्दावर आहे. क्रमातील साम्य मोहक आहे, हे मान्य करू. परंतु अवतारकथेत एकच देव कार्यपरत्वे निरनिराळी रूपे घेतो. माशापासून कासव जन्मत नाही. कथेचा विषय धर्मरक्षण आहे, आणि त्या अर्थाने ती समृद्ध आहे. तिला जीवशास्त्राचे प्रमाणपत्र मिळवून देऊ पाहणारा माणूस नकळत कथेलाच कमी लेखतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २८(१) नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. मात्र पाठ्यपुस्तकात नेमके काय असावे हे ही कलमे सांगत नाहीत. ते अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांच्या हाती राहते.

स्वाध्याय

१. ‘माझा उत्क्रांतीवर विश्वास नाही’ आणि ‘मला उत्क्रांतीचे पुरावे अपुरे वाटतात’ या दोन वाक्यांतील फरक सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा. दुसऱ्या वाक्याला उत्तर देताना कोणत्या प्रकारची विधाने लागतील?

२. ‘उत्क्रांती’ऐवजी दुसरा मराठी शब्द सुचवा आणि त्याने कोणता गैरसमज टळेल, कोणता नवा निर्माण होईल, ते लिहा.

३. तुमच्या घरातील वा शेजारच्या दहावीच्या विद्यार्थ्याचे विज्ञानाचे पुस्तक मिळवा. ते कोणत्या मंडळाचे आहे ते नोंदवा, त्यात उत्क्रांतीचा पाठ आहे का ते पाहा, आणि असल्यास त्यातील एका परिच्छेदातील विधान, पुरावा आणि निष्कर्ष वेगवेगळे करून दाखवा.