खडीच्या रस्त्याचा हिशेब

शाळेच्या फाटकापासून पायरीपर्यंत ५० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्ता करायचा आहे असे समजा. डांबर परवडत नाही, सिमेंट तर नाहीच. मुरूम आणि खडी यांवरच भागवायचे आहे. माल किती लागेल? खर्च किती येईल? लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी केले की झाले, असे तुम्ही म्हणाल. मीही असेच म्हटले होते आणि गावाचे पैसे चिखलात घातले होते.

ही २००८ सालची गोष्ट. मी शिकवत होतो ती शाळा भर काळ्या रानात होती. पावसाळ्यात मुले चपला हातात घेऊन वर्गात येत. गावाने वर्गणी काढली, मे महिन्यात सहा ब्रास खडी आली. सपाट केलेल्या जमिनीवर ती पसरली, वरून ट्रॅक्टर फिरवला, नारळ फोडला. जुलैअखेर चाकोऱ्या पडल्या. गणपतीच्या सुमारास खडी दिसेनाशी झाली. ती चोरीला गेली, अशी कुजबुजही झाली. दिवाळीनंतर आम्ही कुदळीने खणून पाहिले, तेव्हा खडी वीतभर खोलीवर सापडली. एकेका दगडाभोवती चिखलाचे जाड वेष्टन होते. खडी खाली उतरली होती आणि तिच्या फटींतून माती वर आली होती.

असे का झाले, हे समजले म्हणजे हिशेबही आपोआप समजतो.

काळ्या मातीचा स्वभाव

एक सोपा प्रयोग करा. वाळवून बारीक चाळलेली काळी माती दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० घन सें.मी. घ्या. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल (न मिळाल्यास डिझेल) १०० च्या खुणेपर्यंत शिक्षकांच्या देखरेखीखाली ओता. ढवळून चोवीस तास ठेवा. रॉकेलमधली माती जवळजवळ तेवढीच राहते. पाण्यातली मात्र फुगून दीडपट किंवा त्याहूनही जास्त होते. हीच माती उन्हाळ्यात आकसते, आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. रॉकेलला तेथे शिरता येत नाही.

हाच प्रयोग मुरमाच्या भुकटीवर करून पाहा. चांगला मुरूम फारसा फुगत नाही. गंमत अशी की काळी माती आणि मुरूम ही दोन्ही आपल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, लेकरे आहेत. मुरूम हा अर्धवट झिजलेला खडक, तर माती ही पुरती कुजलेली.

आता चाकाखाली काय होते ते पाहू. पाण्याच्या टँकरच्या एका चाकावर २,००० किलोग्रॅम भार आहे आणि चाक २० × २० सें.मी. जागेवर टेकले आहे असे धरा. दर चौ. सें.मी. वर ५ किलोग्रॅम भार आला. थरांची एकूण जाडी २२.५ सें.मी. असेल आणि भार खाली ४५ अंशांनी पसरत जातो असे मानले, तर तळाशी तो ६५ × ६५ सें.मी. म्हणजे ४,२२५ चौ. सें.मी. जागेवर वाटला जातो. दर चौ. सें.मी. ला अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी! तुमच्यापैकी ५० किलो वजनाचा मुलगा एका पायावर उभा राहिला, तर तळपायाखाली साधारण एवढाच दाब पडतो. म्हणजे रस्त्याचे थर टँकरला जणू मुलाच्या पावलाइतका हलका करतात.

पण चिखलात मुलाचे पाऊलही रुततेच ना? म्हणून थर कितीही जाड केले तरी खालची माती कोरडी राहिलीच पाहिजे. जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश गृहस्थाने नेमके हेच ओळखले. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांची देखरेख त्याच्याकडे आली. त्याचा समकालीन थॉमस टेलफर्ड तळाशी मोठे दगड हाताने रचून घेई. आपल्याकडे डबराचे सोलिंग करतात तसेच हे. मॅकॅडमचे म्हणणे असे, की भार शेवटी जमिनीच पेलतात. ती कोरडी ठेवा, रस्ता आजूबाजूपेक्षा उंच करा, आणि वर लहान, फोडलेले, कोन असलेले दगड घाला. सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड दगड तो चालू देत नसे. बेसाल्टची घनता २.८५ धरली तर असा दगड ६० घन सें.मी. भरतो. त्याचा घन केला तर बाजू जेमतेम ४ सें.मी. येते.

काही कंत्राटदार आजही काळ्या मातीवर थेट मोठे डबर टाकायचा आग्रह धरतात. काम भक्कम दिसते खरे. पण दगडांमधल्या मोठ्या फटींतून चिखल वर यायला वाट मोकळी राहते. आधी मुरमाचा थर हवा. तो गाळणीसारखा माती अडवतो.

नदीतले गोटे स्वस्त मिळतात म्हणून तेही टाकतात. गोट्यांचा एक आणि फोडलेल्या खडीचा एक असे दोन ढीग करा. दोन्हींची उंची आणि तळाची त्रिज्या मोजा. उंचीला त्रिज्येने भागले की उताराच्या कोनाचा टॅन मिळतो. गोट्यांचा ढीग पसरट होतो, कारण गोटे एकमेकांवरून घसरतात. खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात.

डब्यातील पोकळी

ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. पण ब्रासभर खडीत दगड किती आणि हवा किती? तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्या. त्यात किती लिटर पाणी मावते ते आधी मोजून ठेवा. मग डबा भिजवलेल्या खडीने काठोकाठ भरा आणि मापाने पाणी ओतत जा. कोरडी खडी थोडे पाणी पिते, म्हणून ती भिजवून घ्यायची. डब्यात मावणाऱ्या पाण्याच्या ४० ते ४५ टक्के पाणी खडी भरलेली असतानाही आत जाईल. आपण ४५ धरू. म्हणजे १०० लिटर सैल खडीत दगड ५५ लिटर आणि पोकळी ४५.

रोलर फिरला की हीच खडी साधारण ७७ लिटर जागेत बसते. दगड ५५ लिटरच राहिले. पोकळी ४५ वरून २२ वर आली. म्हणून दबलेल्या थरासाठी सैल खडी सुमारे १.३ पट मागवावी लागते, आणि दबलेल्या थरातही २/७ भाग पोकळ राहतो. ती पोकळी क्रशरवरच्या कचीने आणि थोड्या मुरमाने भरायची. पाणी मारत मारत रोलर फिरवायचा, म्हणजे बारीक कण पाण्याबरोबर फटींत उतरतात. ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो, हे तुम्ही पाहिले असेल. कणांमधला पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना ओढून धरतो. पाणी अति झाले तर मात्र किल्लाही वाहून जातो.

आता माल काढू. रस्त्याचे क्षेत्रफळ १५० चौ. मीटर. दबून १५ सें.मी. मुरूम हवा, म्हणजे २२.५ घनमीटर. सैल मुरूम सव्वापट धरला तर २८ घनमीटर, म्हणजे १० ब्रास. वर दबून ७.५ सें.मी. खडी हवी, म्हणजे ११.२५ घनमीटर. १.३ ने गुणून १४.६ घनमीटर, अर्थात जवळजवळ सव्वापाच ब्रास. खडीतली पोकळी ११.२५ चे २/७, म्हणजे ३.२ घनमीटर. त्यासाठी कच १ ब्रास आणि बारीक मुरूम अर्धा ब्रास. १५ सें.मी. काळी माती खोदून काढायची, तीही २२.५ घनमीटर.

पण एवढेच केले तर काळ्या मातीत एक लांबलचक हौद तयार होतो आणि पावसाचे पाणी त्यात मुक्काम करते! दोन्ही बाजूंना ४५ सें.मी. खोल, वर ७० आणि तळाशी ३० सें.मी. रुंद असे चर हवेत. दोन्ही मिळून १०० मीटर लांबीच्या चरांची खोदाई, योगायोगाने, २२.५ घनमीटरच येते. चराला ५० मीटरमध्ये २५ सें.मी. उतार असावा, गवंड्याच्या पारदर्शक पाण्याच्या नळीने तो सहज तपासता येतो. दर पाच मीटरवर खडीने भरलेली आडवी चरी काढून रस्त्याचा तळ चराशी जोडावा. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ५ सें.मी. उंच ठेवावा.

खर्चाचे दर गावोगाव वेगळे असतात, खाण किती दूर यावरच ते मुख्यतः ठरतात. ब्रासभर खडीचे वजन चार-साडेचार टन असते, तेव्हा दगडापेक्षा त्याची वाहतूक महाग पडावी यात नवल नाही. मुरूम काढायला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधनही लागते. पुढचे दर केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

मुरूम साडेदहा ब्रास, दर १,२०० : रु. १२,६००
खडी सव्वापाच ब्रास, दर ३,००० : रु. १५,७५०
कच १ ब्रास : रु. २,८००
रस्त्याची खोदाई २२.५ घनमीटर, दर १५० : रु. ३,३७५
चरांची खोदाई, तेवढीच : रु. ३,३७५
रोलर २ दिवस, दर ६,००० : रु. १२,०००
पाण्याचे टँकर ४, दर ७०० : रु. २,८००
मजूर १०, एक दिवस, दर ५०० : रु. ५,०००

एकूण रु. ५७,७००, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३८५ रुपये. यात चरांचा वाटा पाहा : सतरा रुपयांत एक रुपया. पैसे कमी पडले की पहिली काट मात्र याच रुपयावर बसते. २००८ मध्ये आम्ही चर काढलेच नव्हते.

ट्रकचे माप

२०१० च्या उन्हाळ्यात आम्ही रस्ता पुन्हा केला. गाव साहजिकच साशंक होते, म्हणून आलेला माल नववीच्या मुलांनी मोजायचा असे ठरले. खडीचा पहिला ट्रक 'दोन ब्रास' म्हणून आला. मुलांनी टेप लावला. हौद्याची आतली लांबी १२ फूट, रुंदी साडेसहा फूट, म्हणजे तळ ७८ चौ. फूट. २०० घनफुटांसाठी खडीची उंची सुमारे २ फूट ७ इंच हवी. पाच ठिकाणी सळई घालून सरासरी काढली, ती आली २ फूट २ इंच. खडी भरली १६९ घनफूट. ३१ घनफूट कमी!

ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, खाणीवर भरली तेव्हा पुरी होती. रस्त्याने हादरे बसून खाली बसली." मुले हसली. मला मात्र वाटले, हे तपासून का पाहू नये? ३५ सें.मी. उंचीचा तेलाचा डबा खडीने काठोकाठ भरला आणि जमिनीवर शंभर वेळा आपटला. खडी ३ सें.मी. खाली बसली, म्हणजे साडेआठ टक्के. या हिशेबाने २०० घनफुटांचे १८३ व्हावेत. तेव्हा ३१ पैकी १७ घनफुटांपुरता ड्रायव्हर खरे बोलत होता. उरलेल्या १४ घनफुटांचा जाब त्याच्यापाशी नव्हता. कंत्राटदाराला वहीतला हिशेब दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि पुढच्या खेपेत कमी पडलेली खडी भरून पाठवली. तीन खेपांमध्ये ही तूट जवळजवळ अर्धा ब्रास झाली असती.

त्या वर्षी पहिल्या पावसानंतर दोन ठिकाणी खळगे पडले. तेथे रोलर नीट फिरला नव्हता. ते खणून, खडी घालून, धुम्मसाने ठोकून घेतले. दर मे महिन्यात चरांतला गाळ आणि पालापाचोळा काढावा लागे, ते काम मुलेच करीत.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या शाळेच्या वाटेचे माप घ्या. खालची माती फुगते का, ते मोजपात्रात पाहा. जवळच्या खाणीवरचा आजचा दर विचारा, आणि वरचा हिशेब पुन्हा मांडा. मुरमाचा थर १५ ऐवजी २५ सें.मी. केला तर तळाचा दाब किती कमी होईल आणि खर्च किती वाढेल, हेही काढा. त्याच पैशात चर किती खोल करता आले असते, तेही शेजारी लिहा.