पन्नाशीनंतरची जॅझ गिटार : आधी बोटांचं बघा

पन्नाशीनंतर जॅझ शिकायला निघालेल्या माणसाला दुकानात जो सल्ला मिळतो तो विशीतल्या पोरांसाठीचा असतो, याची चीड मला अजून आहे. ‘आधी साधी अकूस्टिक घ्या काका, बोटं कडक होऊ द्या.’ हे मलाही ऐकवलं गेलं, आणि कारण विचारल्यावर ‘या वयात एवढं कशाला बघता’ हेही. अकूस्टिकवर बहुधा बारा गेजच्या, म्हणजे जाड, तारा असतात, इलेक्ट्रिकवर नऊ किंवा दहाच्या. बाराच्या संचाचा एकूण ताण दहाच्या साधारण दीडपट असतो. त्यात जॅझचे कॉर्ड चार-चार सुरांचे, कधी दर दोन मात्रांना बदलणारे. उघड्या तारांचे सोपे आकार इथे फार पुरत नाहीत. विशीत बोटं कडक होतात, साठीत सांधे दुखतात आणि गिटार कपाटावर जाते. शिवाय जॅझमध्ये गिटार पुढे आली तीच विजेवर. त्याआधी ब्रास वाद्यांच्या गदारोळात ती ऐकूच येत नसे. गिब्सनने 1936 मध्ये ईएस-150 काढली, 1939 मध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, तेव्हा गिटारचे सोलो लोकांच्या कानावर पडले. अकूस्टिकवरच्या जँगो राइनहार्टचा दाखला देणाऱ्यांनी तो बारा-तेराव्या वर्षापासून वाजवत होता हे विसरू नये.

दुसरं टोक म्हणजे ‘जॅझ म्हणजे पोकळ पोटाची महागडी गिटारच हवी’ हा आग्रह. कॅनडाच्या गिटारवादक एड बिकर्टने भरीव लाकडाच्या टेलिकास्टरवर वर्षानुवर्षं जॅझ वाजवलं. मानेकडचा पिकअप लावा, टोनचं बटण निम्म्यावर आणा, तो गोल, मऊ आवाज बराचसा मिळतो. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. लातूर-नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसतं. मान आकसली की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. अस्सल लाकडाच्या पातळ पोटाला चीर जाण्याची भीती असते. भरीव गिटार हे जास्त सोसते. मोठं पोट खांद्यालाही जड जातं. तेव्हा भरीवच घ्या. बाराव्या फ्रेटवर तार दोन मिलिमीटरच्या आसपास उंच आहे ना, तेवढं मात्र पट्टी लावून पाहा.

ॲम्पच्या बाबतीत फसवणूक अधिक होते, कारण तिथे इफेक्टच्या बटणांचा आकडा विकला जातो. त्यातल्या डिस्टॉर्शनमध्ये कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले जाऊन न वाजवलेले सूरही कानावर येतात. सातवा-नववा सूर असलेला कॉर्ड तिथे चिखल होतो. तुम्हाला हवा स्वच्छ आवाज. घरासाठी पंधरा-वीस वॅट पुष्कळ. स्पीकर आठ इंचाचा तरी असावा, आणि शेजारी असतील तर हेडफोनची सोय हवीच. अमेरिकेतल्या मुलाने आणलेला ॲम्प 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 व्होल्टला थेट लावू नका, जळेल.

हे संगीत आपलं नाही, असंही म्हणतात. पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात गोव्याचा जॅझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याला सोबत घेतलं होतं, ती गाणी ऐकत वाढलेल्या कानाला स्विंग परका नाही. भजनाच्या पेटीवर तयार झालेला कान तर विशीतल्या पोराकडे नसतो. कमी पडतात ती बोटं, म्हणून पैसा बोटं वाचवण्यावर घाला.

लातूर-नांदेडकडे पेटी, तबला, ढोलकी सहज मिळतात. गिटार ॲम्पला लावून बघायला मात्र बहुधा पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं, आणि परत करायचं म्हटलं की भाड्याने जीव जातो. म्हणून दुकानातच बसा. स्वच्छ चॅनलवर चार सुरांचा एक कॉर्ड धरा आणि तारा एकेक छेडून ऐका, प्रत्येक सूर वेगळा येतो का ते. घाई करणाऱ्याला थांबवा. सेटअप कोण करणार आणि वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या. ॲम्प चालू करून दाखवायला जो कुरकुरतो, त्याला पैसे देऊ नका.