स्थौल्य चिकित्सेत दैनंदिन उष्मांकांचा अंदाज

स्थौल्याच्या रुग्णास १२०० उष्मांकांचा छापील तक्ता सरसकट देण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. आमच्या मते ती शास्त्रास धरून नाही. चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. आधुनिक आहारशास्त्रही शरीर व श्रम पाहूनच गरज ठरविते.

गणिताची रीत : विश्रांत अवस्थेतील गरज काढण्यास मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र (१९९०) सोयीचे आहे. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. या उत्तरात पुरुषासाठी ५ मिळवावेत. स्त्रीसाठी १६१ वजा करावेत. आलेल्या संख्येस बैठ्या कामासाठी १.४ ने व मध्यम श्रमासाठी १.८ ने गुणावे.

उदाहरण : फुलसावंगी (ता. महागाव) परिसर कापूस-सोयाबीनचा. येथील ४५ वर्षांची, १५० सेंमी उंचीची, ६८ किलो वजनाची स्त्री कल्पू. तिची विश्रांत गरज सुमारे १२३० उष्मांक. ती दिवसभर दुकानात बसत असेल तर एकूण गरज सुमारे १७२०. निंदण वा कापूस वेचणीस जात असेल तर सुमारे २२१०. त्यातून ४०० ते ५०० कमी केल्यास पहिलीस सुमारे १२५० ते १३००, तर दुसरीस १७०० ते १८०० उष्मांक पुरतात. दुसरीस १२०० चा तक्ता दिला तर रोज हजार उष्मांकांची तूट पडून दौर्बल्य येईल व पथ्य सुटेल. शिवाय वेचणी संपून उन्हाळा लागला की तिचेच गणित नव्याने मांडावे लागते.

योजना : स्थूलासाठी चरकांनी गुरु परंतु अपतर्पण आहार सांगितला आहे, मूग, कुळीथ व यव त्यात बसतात. कपात प्रथम तेल व साखरेत करावी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. भाकरी मोजून आमटीवरची तर्री तशीच ठेवल्यास हिशेब फसतो.

सूत्राचे उत्तर हा केवळ आरंभ होय. दर पंधरवड्यास वजन घ्यावे. सुमारे एक किलो उतरल्यास मात्रा योग्य समजावी, अन्यथा बदलावी. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांचा आहार घटविताना रक्तशर्करा फार उतरण्याचा धोका असतो. औषधमात्रेचा विचार आधी व्हावा. गर्भिणी व स्तनदा मातांत ही कपात करू नये.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींना विनंती, की मेदोहर गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास त्याच्या कामाचे स्वरूप अवश्य विचारावे आणि त्यास वैद्याकडे पाठवावे. औषध आहाराच्या हिशेबाची जागा घेत नाही.